विदेशातून डॉक्टर होऊन आलेली पोरं रांगेत, गावचा दवाखाना मात्र डॉक्टरच्या वाटेवर. गाडी नेमकी अडते कुठं?

लातूर जिल्ह्याला डॉक्टर घडवणारा जिल्हा म्हणतात. ‘लातूर पॅटर्न’ ऐकून सगळ्या महाराष्ट्रातून पोरं इथं नीटच्या क्लासला येतात. पण याच जिल्ह्याच्या जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ भागातल्या माणसाला बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ लागला तर उदगीर नाहीतर थेट लातूर गाठावं लागतं. बाळंतीण अडली की ‘पुढं न्या’ हे दोन शब्द ठरलेले. मग १०८ ला फोन आणि रस्त्यावरचा जीवघेणा तास.

दुसरीकडं, याच भागातली कितीतरी पोरं रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स, बांगलादेशात सहा-सहा वर्षं शिकून परत आलीत. हातात पदवी आहे, पण डॉक्टरकीचा परवाना नाही. कुणी परीक्षेत अडकलंय, कुणी परीक्षा पास होऊन इंटर्नशिपच्या जागेची वाट बघतंय.

मग पारावर एक सवाल नेहमी निघतो. गावाला डॉक्टर पाहिजे, ही पोरं बसून आहेत, तर सरकार यांना सरळ परवाना का देत नाही?

सवाल साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. परीक्षा सोपी केली म्हणून गावात डॉक्टर येईलच असं नाही. पण जी पोरं परीक्षा पास झालीत, त्यांना पुन्हा ताटकळत ठेवणं हे मात्र गावाचं सरळसरळ नुकसान आहे. हे कसं, ते एकेक करून बघू.

पोरं बाहेर जातात का?

आधी हिशेब बघा. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांवर मुलांनी नीट दिली. त्यातली सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा २०१४ च्या आधी ५१ हजारांच्या आसपास होत्या, त्या आता १ लाख १८ हजारांच्या वर गेल्यात. वाढ दुपटीपेक्षा जास्त झाली, तरी पात्र ठरलेल्या दहा मुलांमागं जागा एकच. त्यातही सरकारी फीच्या जागा साधारण निम्म्या.

उरलेल्या खासगी आणि अभिमत कॉलेजांची फी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. अभिमत कॉलेजात पूर्ण कोर्सचा आकडा कोटीच्या घरात जातो. त्यापुढं विदेशातलं शिक्षण साधारण २५ ते ४० लाखांत होतं असं एजंट सांगतो, तेव्हा बापाला ते स्वस्त वाटतं. एक-दोन एकर विकायचं, थोडं कर्ज काढायचं, पोरगं डॉक्टर होऊन येईल, असा विचार होतो.

नीटची नुसती पात्रता असली की बाहेर जाता येतं. २०२५ मध्ये खुल्या गटासाठी ही पात्रता ७२० पैकी १४४ गुणांची होती. सरकारी कॉलेजला लागणारे गुण याच्या कितीतरी वर. म्हणजे बाहेर जाणाऱ्यांत थोडक्यात हुकलेली हुशार पोरं पण असतात आणि कशीबशी पात्र झालेली पण असतात. सगळ्यांना एकाच मापानं मोजणं चुकीचं. ही गोष्ट पुढं निकाल बघताना ध्यानात ठेवा.

परवाना मिळायची वाट कशी आहे?

विदेशात एमबीबीएस केलेल्या मुलाला भारतात डॉक्टर म्हणून काम करायचं तर या पायऱ्या चढाव्या लागतात :

१. बाहेर जाण्याआधी नीट पात्र असणं. २०१८ पासून हे बंधनकारक आहे.

२. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला. वर त्याच विदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, म्हणजे एनएमसीनं, हे नियम कडक केले. त्या देशात तिथल्या नागरिकासारखी डॉक्टरकी करायची नोंदणी मिळण्याजोगी पदवी असली पाहिजे, ही अटही त्यातच आहे.

३. परत आल्यावर एफएमजीई ही परीक्षा. वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, त्यातले १५० बरोबर आले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वरचा नंबर काढायची यात गरज नसते, निम्मे गुण पुरतात.

४. पास झाल्यावर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडं तात्पुरती नोंदणी आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

५. ती पूर्ण झाली की कायमची नोंदणी. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद करते.

पाचवी पायरी पार केलेला डॉक्टर आणि लातूरच्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडलेला डॉक्टर, कायद्यापुढं दोघं सारखेच. सरकारी नोकरी, पीजीची परीक्षा, स्वतःचा दवाखाना, सगळं खुलं. ‘विदेशातला म्हणजे हलका’ असं एकदा परवाना मिळाल्यावर म्हणायला जागा राहत नाही.

एक अपवाद आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथं नोंदणी असलेल्या डॉक्टरांना ही चाळणी परीक्षा द्यावी लागत नाही. पण आपल्या तालुक्यातून जाणारी पोरं या देशांत जात नाहीत, त्यामुळं हा अपवाद त्यांच्या कामाचा नाही.

निकाल इतका कमी का लागतो?

जून २०२३ च्या एफएमजीईत साधारण दहात एक पास झाला. जून २०२५ मध्ये परीक्षेला बसलेल्या सुमारे ३६ हजारांपैकी ६,७०० च्या आसपास पास झाले, म्हणजे शंभरात १८-१९. कधी हा आकडा पंचवीसच्या वर जातो, कधी पार खाली येतो. पण निम्मी पोरं पास झाली असं काही होत नाही.

यामागं तीन-चार कारणं आहेत.

पहिलं, कॉलेज. बाहेरची काही विद्यापीठं जुनी आणि नावाजलेली आहेत. काही मात्र भारतातल्या गिऱ्हाइकावरच चालतात. एजंटाचं कमिशन कॉलेजच्या दर्जावर ठरत नाही, ॲडमिशनच्या संख्येवर ठरतं.

दुसरं, भाषा. वर्गात इंग्रजी चालते, पण वॉर्डातला पेशंट रशियन, किर्गिझ नाहीतर उझबेक बोलतो. ‘कुठं दुखतंय, कधीपासून’ हे ज्याला विचारता येत नाही, तो पेशंट तपासायला शिकणार कसा? पोरगं पुस्तक वाचतं, हात मात्र कोरा राहतो.

तिसरं, आजार. थंड देशातल्या दवाखान्यात साप चावलेला माणूस क्वचितच येतो. मलेरिया, डेंग्यू, कीटकनाशक पोटात गेलेला शेतमजूर, रक्त कमी असलेली गरोदर बाई, हे आपल्याकडचं रोजचं काम. तिथं ते बघायला मिळत नाही.

चौथं, करोना आणि युद्ध. २०२० नंतर चीननं दोन वर्षांहून जास्त काळ विदेशी विद्यार्थ्यांना दार बंद ठेवलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि हजारो भारतीय मुलं ‘ऑपरेशन गंगा’तून घरी आली, त्यातली बहुतेक मेडिकलची. कित्येकांनी शरीराचं शास्त्र मोबाइलच्या पडद्यावर शिकलं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं तोडगा निघाला. शेवटच्या वर्षातल्या अशा मुलांना भारतातली एमबीबीएसची परीक्षा देण्याची एकदाच संधी आणि पास झाल्यावर एका वर्षाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप. न्याय म्हणून ते बरोबर होतं. पण ज्याच्या बापानं जमीन विकली, त्याच्या कमाईची सुरुवात आणखी लांबली.

मग परीक्षा सोपीच करून टाका ना?

ही मागणी पालक करतात, अधूनमधून पुढारीही करतात. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, गावात आजही पदवी नसलेला ‘डॉक्टर’ सलाइन लावतो, सुई टोचतो. त्यापेक्षा सहा वर्षं शिकलेलं पोरगं वाईट आहे का? दुसरं, इथल्या कॉलेजात शिकलेल्या मुलाला अशी वेगळी चाळणी नाही, मग आम्हालाच का? सगळ्यांना एकच परीक्षा घ्या.

या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. २०१९ च्या एनएमसी कायद्यात ‘नेक्स्ट’ नावाच्या एकाच परीक्षेची तरतूद आहे. देशातला असो की विदेशातला, सगळ्यांना तीच. पण ती वर्षानुवर्षं पुढं ढकलली जातेय. ती होईपर्यंत वेगळी चाळणी राहणार आणि सापत्न वागणुकीची तक्रारही राहणार.

पण परीक्षाच सैल करायची म्हटलं तर दुसरी बाजू बघा. ज्या गावात एकच डॉक्टर आहे, तिथं चूक सावरायला दुसरा कुणी नसतो. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरच्या मागं चार सीनियर उभे असतात. आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता तो एकटाच असतो. म्हणून गावच्या डॉक्टरला ज्ञान कमी असलं तरी चालेल हा विचारच उलटा आहे. एकट्यानं निभवायचं असतं, तिथं तयारी जास्त लागते.

कोकणातल्या लाल विंचवाचं उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्याचे. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशानं दगावणारी माणसं बारकाईनं तपासली आणि रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीचा उपचार पुढं आणला. त्यातून कित्येकांचे जीव वाचले, पुढं त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात पक्क्या तयारीचा डॉक्टर बसला तर काय होतं, ते यातून दिसतं.

आणि चाळणी चुकवली की काय होतं, तेही दिसलंय. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयनं ७३ विदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की, एफएमजीई पास नसताना त्यांनी राज्यांच्या वैद्यकीय परिषदांकडून नोंदणी मिळवली. देशभरात ९१ ठिकाणी झडत्या झाल्या. अशा एका बातमीनं, रात्रंदिवस अभ्यास करून पास झालेल्या पोराकडंही लोक संशयानं बघायला लागतात. चाळणी सैल झाली तर पहिला फटका त्यालाच बसेल.

खरी गाडी पुढं अडते

परीक्षेची चर्चा सगळे करतात. तिच्यानंतर काय होतं, याची फारशी कुणी करत नाही.

एफएमजीई पास झालेल्या मुलाला इंटर्नशिपसाठी जागा लागते. एनएमसीनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की, कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत जागा विदेशातल्या पदवीधरांना इंटर्नशिपसाठी द्याव्यात. आकडेमोड करा. १५० जागांच्या कॉलेजात झाल्या ११ जागा. १०० च्या कॉलेजात ७. एकाच निकालात देशभरातून हजारो मुलं पास होऊन बाहेर पडतात, तेव्हा रांग लागणारच. वेगवेगळ्या राज्यांतून महिनोन्‌महिने थांबावं लागल्याच्या तक्रारी आल्यात. काही काळ मेडिकल कॉलेज नसलेल्या मान्य दवाखान्यांतही इंटर्नशिपची मुभा दिली गेली, पण नियम पुन्हा-पुन्हा बदलत गेले.

त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या. या मुलांकडून इंटर्नशिपची फी घ्यायची नाही आणि विद्यावेतन स्थानिक मुलांइतकंच द्यायचं. कागदावर हे स्पष्ट आहे. तरी विद्यावेतन कमी मिळतं, नाहीतर मिळतच नाही, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आणि मुलं कोर्टात गेली.

आता याचा गावाशी संबंध बघा. जो पोरगा सहा वर्षं बाहेर, वर्ष-दीड वर्ष परीक्षेत, काही महिने रांगेत आणि एक-दोन वर्षं इंटर्नशिपमध्ये घालवतो, तो तिशीकडं झुकलेला असतो. घरावर कर्ज असतं. त्याला तुम्ही म्हणालात, ‘बाबा, कंत्राटी पगारावर आरोग्य केंद्रात ये’, तर तो येईल का? तो शहरात दोन-दोन नोकऱ्या करून कर्ज फेडेल. रांगेत वाया गेलेला प्रत्येक महिना त्याला गावापासून लांब नेतो.

पास झालेले सगळे तरी गावात येतील का?

नाही. इथं स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

देशात नोंदणी झालेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांचा आकडा १३ लाख ८६ हजारांवर गेलाय. आयुषचे डॉक्टर धरले तर लोकसंख्येच्या मानानं आपण जागतिक आरोग्य संघटनेच्या हजाराला एक या मापात बसतो, असं केंद्र सरकार संसदेत सांगतं. मग गावात डॉक्टर का दिसत नाही? कारण डॉक्टर आहेत, पण ते पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात, जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत.

नियम असा की, सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. १ लाख २० हजार लोकसंख्येमागं, डोंगरी भागात ८० हजारांमागं, एक ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचा दवाखाना. तिथं सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ पाहिजेत. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत, देशभरात या पातळीवर गरजेच्या मानानं जवळपास ८० टक्के तज्ज्ञ कमी असल्याचं दिसलं.

म्हणजे मोठं भगदाड तज्ज्ञांचं आहे. विदेशातून एमबीबीएस होऊन आलेला मुलगा आरोग्य केंद्राची ओपीडी सांभाळेल, साधी बाळंतपणं करेल, साप-विंचवाचं पहिलं औषध देईल. सिझेरियन तो करू शकत नाही, भूल देऊ शकत नाही. त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं. ‘विदेशातल्यांना परवाने द्या, रेफर बंद होईल’ असं कुणी सभेत सांगत असेल, तर त्याला हा फरक विचारा.

आजवर महाराष्ट्रानं ही पोकळी दुसऱ्या मार्गांनी भरली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, नाही केली तर १० लाख दंड. आरोग्य केंद्रांत बीएएमएस वैद्यकीय अधिकारी आहेत. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांवर भरारी पथकाची गाडी जाते, तिच्यातही बहुतेक बीएएमएस डॉक्टरच असतात. होमिओपॅथी डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून ॲलोपॅथी औषधं द्यावीत की नाही, यावरून २०२५ मध्ये राज्यात मोठा वाद पेटला, संप झाला. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एमबीबीएस डॉक्टर गावात राहायला तयार नाही.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

डॉक्टर गावात न जाण्याचं दुखणं फक्त आपलं नाही. श्रीमंत देशांनाही ते आहे. त्यांनी ते विदेशातल्या डॉक्टरांच्या जोरावर बरंचसं निभावलं, आणि त्यात आपले मराठी डॉक्टरही आहेत.

ऑस्ट्रेलियात १९९७ पासून अशी अट आहे की, बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरला सरकारी विम्याचे पैसे मिळवायचे तर १० वर्षांपर्यंत डॉक्टर कमी असलेल्या भागातच काम करायचं. जेवढा भाग दुर्गम, तेवढी ही मुदत लवकर संपते.

अमेरिकेत बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टरला एका प्रकारच्या व्हिसावर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. पण डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा आहेत. टेनेसी राज्यानं २०२३ मध्ये कायदा करून, बाहेर पूर्ण प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरला पुन्हा सगळं प्रशिक्षण न घेता आधी देखरेखीखाली तात्पुरता परवाना द्यायचं ठरवलं.

यात एक सूत्र सारखं आहे. परीक्षा कुणीच काढून टाकली नाही. काही ठिकाणी सवलतीची आणि दुर्गम भागातल्या सेवेची सांगड मात्र घातली.

आपल्याकडं हे जसंच्या तसं चालणार नाही. तिथं व्हिसा हातात असल्यानं सरकार अट घालू शकतं. इथली पोरं याच देशाची नागरिक आहेत. शिवाय सरकारी कॉलेजातल्या मुलावर सरकारनं खर्च केलेला असतो, म्हणून बाँड मागता येतो. विदेशात शिकलेल्यानं बापाचा पैसा घातलाय. त्याच्यावर सक्ती करण्यापेक्षा त्याला गावात येणं परवडेल असं काहीतरी देणं शहाणपणाचं.

आपल्याकडं काय करता येईल?

– इंटर्नशिपच्या जागा तालुक्याकडं न्या. जिल्हा रुग्णालय आणि चांगला स्टाफ असलेलं उपजिल्हा रुग्णालय इथं या मुलांना ठेवलं तर रांग कमी होईल आणि ओपीडीला हात मिळतील. पण एक अट पक्की हवी. जिथं शिकवायला सीनियर डॉक्टरच नाही, तिथं इंटर्न पाठवायचा नाही. इंटर्न म्हणजे स्वतंत्र डॉक्टर नव्हे. त्याच्या भरवशावर दवाखाना सोडून देणं हा त्याच्यावर आणि पेशंटवर दोघांवर अन्याय.

– तारीख ठरवा. निकाल लागल्यापासून इतक्या दिवसांत जागा आणि इतक्या तारखेला विद्यावेतन, हे लेखी पाहिजे. सातबारा आणि जातीच्या दाखल्याला मुदत असते, तर परवान्याला का नको?

– गावातल्या सेवेचा पीजीला फायदा द्या. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पीजी प्रवेशात राखीव जागा ठेवायची मुभा राज्यांना आहे, तसं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तीन वर्षं आरोग्य केंद्रात काढली तर पुढं तज्ज्ञ व्हायची वाट सोपी होईल, हे दिसलं तर पोरं थांबतील. आणि तीच पुढं ग्रामीण रुग्णालयाचे सर्जन, भूलतज्ज्ञ होतील.

– राहायला घर आणि वेळेवर पगार. पडकं क्वार्टर, पाणी नाही, रात्री एकटी लेडी डॉक्टर आणि दारात दारू पिऊन भांडणारे नातेवाईक, अशा ठिकाणी विदेशातला काय, देशातलाही टिकत नाही. डॉक्टर टिकवणं हे थोडंफार गावाच्याही हातात आहे.

पोरगं बाहेर पाठवण्याआधी एवढं तपासा

एजंटाचं ऑफिस एसी आहे की नाही याला अर्थ नाही. या गोष्टी विचारा आणि लेखी मागा :

– कोर्स ५४ महिन्यांचा आहे का? शिवाय तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का?

– पूर्ण शिक्षण इंग्रजीत आहे का? की पहिली दोन वर्षं इंग्रजी आणि पुढं स्थानिक भाषा?

– ही पदवी घेऊन त्या देशात तिथल्या माणसासारखा डॉक्टरकीचा परवाना मिळतो का? नसेल तर इथंही अडचण येणार.

– या कॉलेजची किती मुलं एफएमजीई पास झाली? परीक्षा मंडळ कॉलेजवार निकाल वेळोवेळी जाहीर करतं. एजंटाच्या तोंडावर विसंबू नका, आकडा स्वतः बघा.

– अर्ध्यात कॉलेज बदलायची वेळ येऊ देऊ नका. ‘एनएमसीची मान्यता आहे’ एवढं वाक्य ऐकून पैसे भरू नका. विदेशी कॉलेजांची मंजूर यादी एनएमसी काढत नाही, ती फक्त अटी सांगते.

– परत आल्यावर परीक्षा आणि इंटर्नशिपची किमान दोन वर्षं पकडा. तेवढ्या काळाचा घरखर्च आणि कर्जाचा हप्ता आधीच हिशेबात घ्या.

आणि पेशंटनं काय बघावं?

डॉक्टर कुठं शिकला यापेक्षा त्याची नोंदणी आहे का, हे महत्त्वाचं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असला पाहिजे, तसा नियमच आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या किंवा एनएमसीच्या वेबसाइटवर मोबाइलवरून तपासता येतो. बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या असतात, त्यामुळं तिथं नाव नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका. क्रमांक विचारला की चिडतो किंवा टाळतो, तिथं मात्र सावध व्हा.

विदेशातून आलेल्या डॉक्टरकडं हा क्रमांक असेल, तर त्यानं बाहेरची सहा वर्षं, दहात आठ जण जिथं गळतात ती परीक्षा आणि इथली इंटर्नशिप, एवढं सगळं पार केलेलं असतं. त्याला मान द्या, त्याच्याकडं जा.

पुढच्या ग्रामसभेत किंवा आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत तीन प्रश्न विचारता येतील. आपल्या केंद्रात मंजूर डॉक्टर किती आणि हजर किती? जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात इंटर्न घेतात का, नसतील तर का नाही? डॉक्टरचं क्वार्टर राहण्यासारखं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं आहेत. तिसऱ्याचं उत्तर गाव स्वतः जाऊन बघू शकतं.